प्रकाशाचे माप

आपल्या देशातील धर्मपंथांनी, जीव आणि ईश्वर यांच्या संबंधापासून उपवासाच्या तिथीपर्यंत जवळजवळ प्रत्येक बाबतीत परस्परांशी हिरिरीने वाद घातला असला, तरी प्रकाश हा निरपवाद कल्याणकारक आहे याविषयी त्यांच्यापैकी फारसे कोणी कधी शंका घेतल्याचे दिसत नाही. ज्ञान हा प्रकाश, सत्त्व हा प्रकाश, परमेश्वर हाही प्रकाश. आणि अज्ञान, पाप, मोह व मृत्यू यांच्या वाट्याला मात्र सरसकट अंधार, ही वाटणी इतकी जुनी व इतकी सर्वमान्य आहे की तिच्याविरुद्ध हरकत घेण्याचे धाडस एखाद्या दर्शनकारालाही सहसा होत नाही. ती हरकत पाहावयाची असेल तर लोणावळ्यासारख्या गावातील एखाद्या दिवाणखान्यात, खिडकीशेजारी ठेवलेल्या काचेच्या टाकीकडे पाहावे. हौशी मंडळी जिला प्लँटेड टँक म्हणतात, जिच्यात माशांपेक्षा वनस्पतींचे महत्त्व अधिक, आणि जिच्या मालकाची निम्मी हयात शेवाळाशी झगडण्यात जाते, अशी ती टाकी.

टाकीच्या काचेवर हिरवट साय धरू लागली, रोटाला या पाणवनस्पतीच्या नाजूक पानांवर दोरे लोंबू लागले, आणि काही दिवसांनी दगडांच्या कडांवर काळ्या दाढीसारखे झुपके उगवले, म्हणजे नवशिक्या मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो असा की आपल्या वनस्पती दुबळ्या पडल्या आहेत, त्यांना ऊर्जा कमी पडते आहे, तेव्हा दिवा अधिक प्रखर घ्यावा आणि तो अधिक वेळ चालू ठेवावा. हेतू शुद्ध, वस्तू शुभ, आणि परिणाम मात्र असा की आठवड्याभरात त्या वनस्पती शेवाळाखाली दिसेनाशा होतात. येथे त्याने केले ते कोणत्याही नीतिशास्त्राच्या कसोटीवर पाप ठरत नाही. त्याने प्रकाश दिला, आणि त्या प्रकाशाचे शेवाळ झाले. ही घटना क्षुल्लक असली तरी तिच्यातून निघणारा प्रश्न क्षुल्लक नाही: जे स्वभावतःच चांगले आहे त्याचाही अतिरेक होऊ शकतो काय, आणि होत असेल तर त्याचे माप कोणी व कशाने ठरवावयाचे?

उत्तराकडे जाण्यापूर्वी टाकीतील कारभार नीट समजून घेतला पाहिजे. प्रकाश वनस्पतीची भूक ठरवितो. प्रकाश जितका तीव्र तितके पान अधिक वेगाने काम करू पाहते, आणि त्या कामासाठी त्याला कर्बवायू, नत्र, स्फुरद, पालाश, लोह व इतर सूक्ष्म द्रव्ये त्याच वेगाने मिळावी लागतात. आता हवेशी समतोल साधून राहिलेल्या साध्या पाण्यात कर्बवायू एका लिटरला एक मिलिग्रॅमही नसतो. प्रखर दिव्याखालच्या टाकीत तो नळकांड्यातून सोडून वीस-तीस मिलिग्रॅमपर्यंत न्यावा लागतो. नायट्रेट दहा-वीस मिलिग्रॅम, फॉस्फेट एक-दोन मिलिग्रॅम, दिवा दिवसातून सहा ते आठ तास, असे आकडे अनुभवी लोक सांगतात. परंतु हे आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत आणि सुटे सुटे घेतले तर त्यांना काही अर्थ उरत नाही. १८२८ साली श्प्रेंगेल या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलेला आणि १८४० नंतर लीबिगच्या नावाने प्रसिद्धी पावलेला सिद्धांत असा की वाढीचे प्रमाण विपुल असलेल्या द्रव्यांवर अवलंबून राहत नाही, सर्वांत तुटपुंज्या द्रव्यावर राहते. म्हणून प्रकाश दुप्पट केला आणि कर्बवायू होता तितकाच ठेवला, तर वनस्पतीची वाढ दुप्पट होत नाही. तिची भूक तेवढी दुप्पट होते, पाने अर्धवट राहतात, झिजतात, त्यांतून सेंद्रिय द्रव्ये पाण्यात पाझरतात, आणि वापराविना शिल्लक राहिलेला तो प्रकाश ज्याला फारच थोड्या अन्नावर निभावता येते त्या शेवाळाच्या पदरात पडतो.

मावळातल्या शेतकऱ्याला हे गणित उलट बाजूने पाठ आहे. येथले आकाश जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढगांनी कोंदलेले. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली प्रसारित केलेले ‘इंद्रायणी’ भात याच झाकोळात पोसते. अशा दिवसांत हौसेने युरियाचा हात सैल सोडला, तर पीक हिरवेगार दिसते खरे, पण करपा पडतो आणि उरलेले लोळते. शेतात अन्न उजेडाच्या पुढे गेले, टाकीत उजेड अन्नाच्या पुढे गेला; दोष दोन्हीकडे एकच. आणि ज्यांना मनुष्याचा हात लागलेला नाही त्या सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्याच्या उत्तरार्धात पाहावे, तर ‘सीतेची आसवे’ या फुलांची निळीजांभळी गालिच्यासारखी पसरण असते. त्या ओलसर खडकावर नत्र जवळजवळ नाही, म्हणून ती इवलीशी वनस्पती जमिनीखालच्या फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून आपली तूट भरून काढते, आणि तेवढ्या मिळकतीत जेवढी वाढ बसते तेवढीच वाढते.

लोणावळ्यात टाकी बाळगणाऱ्याला याचा आणखी एक प्रत्यय येतो. पावसाळाभर खिडकीतून येणारा उजेड नाममात्र असतो, टाकी दिव्याच्या हिशेबाने चाललेली असते, आणि मालकाला आपल्या व्यवस्थेचा अभिमान वाटू लागलेला असतो. मग ऑक्टोबरात आभाळ फाटते, सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट काचेवर येते, आणि ज्याची कोणत्याही जमाखर्चात नोंद नव्हती असा हा प्रकाश पाण्याचा रंग वाटाण्याच्या आमटीसारखा करून टाकतो. खताचे माप तेच, दिव्याचे तास तेच. बाहेरून आलेल्या कृपेचा हिशेब मात्र कोणी धरला नव्हता.

शेवाळाच्या बंदोबस्ताविषयी या हौशी जगात दोन पंथ पडले, आणि त्यांचा इतिहास धर्माच्या इतिहासाशी इतका मिळताजुळता आहे की वाचताना हसू येते. पहिला पंथ उपासाचा. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात पॉल सिअर्स आणि केविन कॉन्लिन यांनी असे प्रतिपादन केले की वनस्पतींना इतर सर्व द्रव्ये द्यावीत पण स्फुरद मात्र रोखून धरावे, म्हणजे त्याच्या अभावी शेवाळ उपाशी मरेल. हे विवेचन निराधार नव्हते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ साली एका सरोवराच्या मधोमध पडदा घालून त्याचे दोन भाग केले होते, दोन्हींत कर्ब आणि नत्र घातले होते, पण स्फुरद एकाच भागात. आणि स्फुरद मिळालेला तेवढाच भाग शेवाळाने हिरवा झाला होता. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? परंतु पुढे अमेरिकेतील टॉम बार यांनी वनस्पतींनी गच्च भरलेल्या टाकीत मुद्दाम स्फुरद घालून पाहिले, आणि शेवाळ काही आले नाही. त्यांनी दुसरा पंथ काढला, तो भरपूर अन्न द्यावे, कशाचीही वाण पडू देऊ नये, आणि आठवड्यातून एकदा निम्मे पाणी बदलून हिशेब साफ करावा, असा. इतकेच नव्हे, काचेवर येणारे कडक हिरवे ठिपके तर बहुधा स्फुरद अपुरे पडल्याचेच लक्षण होय, असे त्या पंथाचे लोक सांगतात, आणि त्यांचा अनुभव सहसा खोटा ठरत नाही.

उपासाचा पंथ टाकीत का हरतो याचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. शेवाळाची गरज अत्यल्प असते, वनस्पतीची मोठी. दुष्काळ पाडला तर आधी मरते ते मोठी गरज असलेले. अल्पसंतुष्ट शेवाळ तगून राहते आणि मेलेल्या पानांवरच सुखाने नांदते. माझ्या मते विरक्तीच्या मार्गाने निघालेल्या पुष्कळशा साधकांची गत अशीच होते. इंद्रियांचा पुरवठा तोडल्याने विकार नाहीसे होतील या विश्वासाने ते स्नेह, कला, विनोद, कुटुंबाची ओढ, सर्वांचीच जप्ती करतात. त्या जप्तीत ज्या गोष्टी मनाला मोठेपणा देतात त्या प्रथम दगावतात, कारण त्यांना पोषण अधिक लागते. आणि मत्सर, मानाची हाव, दुसऱ्याच्या व्रताकडे वाकडा डोळा, ही सूक्ष्म मंडळी, ज्यांना जगावयास जवळजवळ काहीच लागत नाही, ती त्या ओसाड मनात मोकळेपणाने पसरतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात निराहाराने विषय सुटले तरी त्यांची गोडी मागे उरते, असा जो इशारा आहे, तो याच अनुभवाचा आहे. गौतमाने सहा वर्षे देह सुकवून पाहिला आणि तो मार्ग सोडला, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण त्याने सोडून जे धरले त्याचा अर्थ आपण फार स्वस्तात लावतो.

मध्यम मार्ग म्हणजे दोन टोकांच्या बरोबर मध्ये उभे राहणे, थोडा भोग व थोडा त्याग, अशी एक समजूत रूढ झालेली आहे. टाकीच्या भाषेत याचा अर्थ दिवा मध्यम आणि खतही मध्यम असा होईल, आणि तशी टाकी बिघडूही शकते, कारण मध्यम दिव्याला पुरेल इतका कर्बवायू पाण्यात असेलच असे नाही. बौद्ध परंपरेत सोण नावाच्या भिक्षूला वीणेच्या तारांचा दृष्टांत देऊन जो उपदेश केल्याचे सांगतात, त्याचा रोख इंद्रियांच्या परस्पर समतेवर आहे. आणि पाचव्या शतकात बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात त्याचा विस्तार करताना जोड्याच लावून दिल्या. श्रद्धेला प्रज्ञेची जोड, वीर्याला समाधीची. श्रद्धा बळकट आणि प्रज्ञा दुबळी असेल तर मनुष्य भलत्याच ठिकाणी विश्वास टाकतो. प्रज्ञा बळकट आणि श्रद्धा दुबळी असेल तर तो धूर्ततेकडे झुकतो, आणि त्याचा रोग औषधानेच झालेल्या रोगासारखा असाध्य होतो. श्रद्धा कमी करा असे बुद्धघोष म्हणत नाही, प्रज्ञा कमी करा असेही म्हणत नाही. एकीच्या वाढीबरोबर दुसरीची बरोबरी राहिली आहे काय, एवढेच तो विचारतो. प्रखर प्रकाशाची टाकीही उत्तम चालते, मंद प्रकाशाचीही चालते. पहिलीला पुरवठा दांडगा लागतो आणि चुकीला माफी नसते; दुसरी सावकाश वाढते आणि पुष्कळ काही पोटात घालते.

या ‘विसुद्धिमग्गा’चे देवनागरी संस्करण ज्यांनी सिद्ध केले ते धर्मानंद कोसंबी गोव्याचे, आणि त्यांचे चिरंजीव दामोदर हे गणिती असूनही कार्ल्याच्या लेण्यांभोवती आणि मावळातल्या ग्रामदेवतांच्या ठाण्यांभोवती वर्षानुवर्षे पायपीट करीत राहिले. बापाने ज्या भिक्षूंचा ग्रंथ शोधला त्यांच्या निवासाच्या वाटा मुलाने शोधल्या. कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलेल्या वाचकाला मी ज्या गोष्टीकडे पाहावयास सांगेन ती शिल्पे नव्हेत. सुमारे १२४ फूट लांबीचे ते दालन, दोन्ही बाजूंना स्तंभांच्या रांगा, आणि इतक्या मोठ्या अवकाशाला मुख्य उजेड काय तो दर्शनी भिंतीतल्या एका नालाकृती गवाक्षातून. पश्चिमेकडून येणारा प्रकाश त्या गवाक्षातील लाकडी कमानींतून गाळला जाऊन, मधल्या मार्गावर पसरत स्तूपापर्यंत पोचतो. बाजूचे प्रदक्षिणापथ मुद्दाम झाकोळात ठेवलेले आहेत. डोंगर फोडण्याची ज्यांची तयारी होती त्यांना आणखी चार झरोके पाडणे अशक्य नव्हते. त्यांनी प्रकाशाला जागा ठरवून दिली. शेजारच्या भाज्याच्या लेण्यांत खडकात खोदलेल्या पाण्याच्या पोढी आहेत, त्यांपैकी एक कौशिकीपुत्र विष्णुदत्त या महारठ्याने दान दिल्याचा लेखही तेथे कोरलेला आहे. ज्या पोढी कातळाच्या पोटात शिरलेल्या आहेत त्यांतल्या पाण्याला शेवाळ धरण्याचे भय कमी, उघड्यावरच्यांना अधिक. दाता, खोदणारा आणि पिणारा यांच्यापैकी प्रत्येकाला हे माहीत असले पाहिजे.

आता मूळ हरकतीकडे वळू. गीतेच्या चौदाव्या अध्यायात तीन गुणांचे वर्णन करताना सत्त्वाला निर्मळ व प्रकाशक म्हटले आहे, आणि लगेच त्यालाही बंधनकारकांत बसविले आहे: सत्त्वगुण सुखाच्या आणि ज्ञानाच्या आसक्तीने बांधतो. कीर्तनांतून व प्रवचनांतून तमाची आणि रजाची निर्भर्त्सना आपण पुष्कळ ऐकतो. सत्त्वाच्या या कलमाकडे मात्र वक्ता हळूच दुर्लक्ष करून पुढे जातो, कारण श्रोते बहुतेक स्वतःला सात्त्विकच समजत असतात. ज्ञान पचविण्याची, म्हणजे ते आचरणात उतरविण्याची, शक्ती ज्या मानाने वाढते त्या मानानेच ज्ञान हितकर असते. त्यापलीकडे जे शिल्लक उरते ते वाया जात नाही, त्यावर काहीतरी उगवतेच. अर्धवट वाचलेल्या वेदान्ताने माणसे नम्र झाल्याचे मी फारसे पाहिलेले नाही. उलट आपल्या बायकोच्या किंवा मोलकरणीच्या दुःखाला ‘मिथ्या’ म्हणण्याची सोय त्यांना त्या वाचनाने झालेली पुष्कळदा पाहिली आहे. तो उजेड खोटा नव्हता, तेथे घेणारे पान नव्हते.

येथे कोणी असे विचारील की मग शेवाळाचा समूळ उच्छेद कधीच होणार नाही काय? होणार नाही. त्याचे सूक्ष्म अंश प्रत्येक वनस्पतीबरोबर, प्रत्येक माशाबरोबर, हवेतल्या धुळीबरोबरही येत असतात, आणि अत्यंत स्वच्छ दिसणाऱ्या टाकीतही ते हजर असतात. सांख्यांनी गुणांविषयी नेमके हेच सांगितले: गुण एकमेकांना दडपतात, एकमेकांच्या आश्रयाने राहतात, पण कोणताही नष्ट होत नाही. तिन्ही अगदी सम झाले तर ती प्रकृतीची अव्यक्त अवस्था, तेथे सृष्टीच नाही. तेव्हा जिवंत टाकीत संपूर्ण समतोल मागणारा मनुष्य, न कळत, प्रलय मागत असतो. दुष्टाचे बीज उरलेच पाहिजे असा निर्वाळा यातून निघतो काय, हा प्रश्न ईश्वरवाद्यांना अडचणीचा आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला कोणाही आचार्याकडे मिळालेले नाही. व्यवहारात मात्र फरक स्पष्ट आहे. बीज असणे निराळे आणि त्याला अंमल मिळणे निराळे. निरोगी, वाढत्या वनस्पती ज्या टाकीत दाटीने उभ्या आहेत तेथे बीज आहे पण अंमल नाही.

लोणावळ्यात ही चर्चा करताना स्वामी कुवलयानंदांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९२४ साली त्यांनी येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून, आसन-प्राणायामांचे शरीरावर काय परिणाम होतात ते क्ष-किरणांनी व दाबमापकांनी मोजावयास घेतले. आध्यात्मिक गोष्टींना मोजमाप लावणे हा अनेकांना त्या काळी उपमर्द वाटला असेल. मला त्यात मोठी श्रद्धा दिसते, कारण ज्याला आपण खरे मानतो त्याचेच माप घेण्याचे कष्ट मनुष्य घेतो. त्याच संस्थेने १९७० साली ‘हठप्रदीपिके’ची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. त्या ग्रंथात योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत, आणि अतिआहार, अतिश्रम, बडबड, जनसंग या चार अपेक्षित बाबींबरोबर त्यांत नियमांचा हट्ट आणि चित्ताचे चांचल्य अशा दोन बसविल्या आहेत, ज्या वरवर पाहता एकमेकींच्या उलट आहेत. टाकी राखणाऱ्याला त्या दोन्ही ओळखीच्या असतात. एक जण बाटलीवर छापलेले खताचे माप वर्षभर वेदवाक्यासारखे पाळतो, मधल्या काळात वनस्पती चौपट वाढल्या हे त्याच्या गावी नसते. दुसरा सोमवारी दिवा कमी करतो, बुधवारी लोह वाढवितो, शुक्रवारी कर्बवायू बंद करतो, आणि कशाने काय झाले हे त्याला कधीच कळत नाही. त्यातून कर्बवायूची पातळी रोज वरखाली होऊ लागली की ते काळे झुपके तर हमखास येतात. एक बदल करावा, दोन-तीन आठवडे थांबावे, नव्या पानांकडे पाहावे, जुन्यांकडे पाहू नये, कारण जुने पान मागच्या कारभाराचा पुरावा देते. आणि बदल करावयाचाच तर आरंभ दिव्यापासून करावा, कारण बाकी सर्वांची मागणी तोच ठरवितो.

परंतु टाकीचा हा न्याय घेऊन कोणी इंद्रायणीच्या काठी जाईल तर फसेल. ही नदी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावते, मावळातून वाहत देहूला आणि आळंदीला जाते, आणि तुळापूरला भीमेस मिळते. तुकोबांच्या वह्या तिने तेरा दिवसांनी परत दिल्या अशी लोकांची श्रद्धा आहे. आज तिच्या खालच्या प्रवाहावर जलपर्णीचा हिरवा थर इतका दाट पसरतो की पाणी दिसत नाही. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती, तिच्या फुलांच्या शोभेसाठी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमार्गे या देशात आली. येथे प्रकाशाचे माप आपल्या हाती नाही. सूर्याचा दिवा कोणाला कमी करता येत नाही. वाहत्या, अर्ध्या मेलेल्या पात्रात स्पर्धा करावयास निरोगी वनस्पतींची दाटीही उरलेली नाही. म्हणून शिंडलर यांच्या सरोवराने दिलेला पुरावा टाकीत लंगडा पडला तरी नदीत तो पुरता लागू पडतो: गावांच्या सांडपाण्यातून येणारे स्फुरद वरच अडविले पाहिजे. जे माप आपल्या हातात असेल तेथूनच आरंभ करावा लागतो, आणि ते प्रत्येक ठिकाणी निराळे असते; मोक्षाच्या मार्गांविषयी आपल्या आचार्यांत जे मतभेद झाले त्यांपैकी कित्येक, मला वाटते, एकाने टाकीत उभे राहून आणि दुसऱ्याने नदीत उभे राहून बोलल्यामुळे झाले असावेत.

आषाढी वारीपूर्वी, पालख्या निघण्याच्या सुमारास, जलपर्णी काढण्याची तजवीज होते, आणि स्नानाला येणाऱ्यांना पाणी दिसू लागते. हे काम वरवरचे म्हणून हिणवण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. प्रत्येक पानाने पाण्यातले नत्र आणि स्फुरद आपल्यात बांधून घेतलेले असते. ती पाने पात्राबाहेर दूर नेऊन खतात घातली, तर नदीवरचा तेवढा बोजा खरोखरच उतरतो. काठावरच ढीग लावून ती कुजू दिली, तर पहिल्याच जोराच्या सरीबरोबर तो सगळा ऐवज पुन्हा पाण्यात जमा होतो.